काच पुसा, पण अवजार स्वतःचे ठेवा

पातूरच्या बेरोजगार तरुणांनी अकोल्यातील दवाखाने, शोरूम यांच्या काचा धुण्याचा धंदा करावा, असे सुचवले की काही धम्मबांधव संतापतात. पुन्हा आमच्याच हाती झाडू का? प्रश्न रास्त आहे. परंतु ठेकेदाराच्या हाताखाली राबणे वेगळे आणि स्वतःच्या साधनाने, स्वतःच्या दराने काम घेणे वेगळे.

साधन साधे आहे. एकात एक सरकणारा लांब दांडा, टोकाला ब्रश, त्यातून पाणी. माणूस जमिनीवरच उभा, शिडी नको. मात्र आधी दांडा घेऊ नका, टीडीएस मीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो. काच न पुसता डागाविना वाळायची तर टीडीएस १० च्या खाली हवा. आपला जिल्हा खारपाणपट्ट्याचा. बोअरच्या पाण्याची चव सर्वांना ठाऊक आहे. अशा पाण्यावर नुसते रेझिन लावले तर ते लवकर संपते आणि नफा त्यातच जातो. म्हणून आधी आरओ, मग रेझिन. घरी शुद्ध केलेले पाणी टाकीत भरून न्यावे. बॅटरीवरचा छोटा पंप पुरतो.

दांडा फायबरग्लासचा घ्यावा. अॅल्युमिनियम स्वस्त, कार्बन हलका, पण दोन्हींतून वीज वाहते, आणि आपल्याकडे तारा खिडकीला खेटून असतात. ओला फायबरही तारेजवळ नेऊ नये.

मुद्रा योजनेत ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंत विनातारण आहे. बँकेने तरीही तारण मागितले तर ते लेखी मागा. आणि ठेका तोंडी घेऊ नका. दर, मजले, पैसे देण्याची तारीख कागदावर घ्या.