मांडूळ नको, बोआ पाळायचाच तर...

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या मळ्यात नांगरट करताना कधीमधी मांडूळ वर येतं. भुसभुशीत मातीत राहणारं, उंदीर खाणारं, बिनविषारी. बोआ सापाचंच हे आपल्याकडचं भावंड, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणं गुन्हा आहे. ‘दुतोंड्या’ म्हणून लाखांत विकण्याचा धंदा तर निव्वळ भामटेगिरी. त्याची शेपटी बोथट असते, एवढंच. घरात शिरलं तर वनखात्याला १९२६ वर फोन करा.

अमेरिका खंडातला बोआ कन्स्ट्रिक्टर ठेवायचा, तर केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. २०२४ पासून ती सक्तीची आहे. हा साप सहा-सात फुटांचा होतो, २० वर्षांहून जास्त जगतो. त्याला सहा फूट लांबीची, पक्क्या कडीची पेटी लागते. पेटीचं एक टोक ३१-३२ अंशांवर, दुसरं २६-२७ वर ठेवावं, म्हणजे ऊब हवी तसा तो स्वतःच सरकतो. नाशिकचा पारा हिवाळ्यात १० अंशांखाली उतरतो, त्यामुळे हीटर हवाच, आणि त्याला थर्मोस्टॅटही; नाहीतर साप भाजतो. (एकलहऱ्यासारख्या औष्णिक वीजकेंद्राच्या गावातही वीज जाते, हे धरून चाला.) ऊब कमी पडली की गिळलेला उंदीर पचत नाही, साप तो ओकून टाकतो. खाऊ घातल्यावर निदान दोन दिवस त्याला हाताळू नका. मोठा बोआ एकट्यानं उचलायचा नाही, सोबत दुसरं माणूस हवं.