आधी हाक, मग ओ

पास्कलच्या डेल्फी अवतारात ‘टीस्ट्रिंग्ज’ नावाचा एक क्लास आहे. ओळींची यादी सांभाळणं हे त्याचं काम. हवी ती ओळ कितव्या जागी आहे हे शोधणारी ‘इंडेक्सऑफ’ मेथड त्यात लिहिलेली आहे: ‘गेटकाउंट’ला एकूण ओळी विचारायच्या, ‘गेट’कडून एकेक ओळ मागायची आणि ताडून पाहायची. आता नवल पाहा. ‘गेट’ आणि ‘गेटकाउंट’ या क्लासात लिहिलेल्याच नाहीत! त्यांच्यापुढे फक्त ‘व्हर्च्युअल; ॲब्स्ट्रॅक्ट;’ असं घोषित केलेलं आहे. जो कोड अजून जन्मलाच नाही, त्याच्या भरवशावर शोधाचं सगळं काम बिनदिक्कत लिहून मोकळे!

ओ देतात ते वारस क्लास. ‘टीस्ट्रिंगलिस्ट’ ‘ओव्हरराइड’ म्हणत स्वतःची ‘गेट’ लिहितो आणि मेमरीतल्या यादीतून ओळ काढून देतो. पडद्यावरच्या ‘मेमो’ चौकटीमागचा वारस तर ओळी स्वतःकडे ठेवतच नाही. तो विंडोजला संदेश धाडून ओळ मागवतो. ‘इंडेक्सऑफ’ला यातलं काहीच ठाऊक नसतं.

हे जमतं कसं? प्रत्येक क्लासासाठी कंपायलर पत्त्यांचा एक तक्ता मांडतो: व्हर्च्युअल मेथड टेबल. प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या क्लासाच्या तक्त्याकडे बोट दाखवतो. ‘गेट’चं घर सगळ्या वारसांच्या तक्त्यांत एकाच क्रमांकावर असतं, ओव्हरराइड केलं की वारसाच्या तक्त्यातल्या त्या घरात नवा पत्ता बसतो. हाक मारणारा नेहमी त्याच क्रमांकाच्या घरात डोकावतो, बस्स. ‘ओव्हरराइड’ हा शब्द विसरलात तर त्याच नावाची वेगळीच मेथड तयार होते आणि घर जसंच्या तसं राहतं. कंपायलर इशारा देतो. तो कधीच दुर्लक्षू नका.

आणि कुणीच ओव्हरराइड केलं नाही तर? मला सर्वांत मोहवतं ते हेच: ते घर तेव्हाही रिकामं नसतं. तिथे चूक जाहीर करणाऱ्या रुटीनचा पत्ता आधीच बसवलेला असतो. फ्री पास्कल या कंपायलरमध्ये तीच रनटाइम एरर 211.

निक्लाउस विर्थ यांच्या 1970 च्या पास्कलमध्ये ऑब्जेक्ट नव्हते. टर्बो पास्कलमध्ये ते 1989 साली, 5.5 आवृत्तीत आले. डेल्फी आली 1995 साली. फ्री पास्कल आज मोफत मिळतं, त्याचा सोर्सही खुला आहे. त्यातला ‘टीस्ट्रिंग्ज’ एकदा स्वतः उघडून वाचा.