अंडपेशी सक्रियण

अंडपेशी सक्रियण म्हणजे विभाजन थांबलेल्या अंडपेशीला भ्रूणविकासाकडे नेणारी जैवरासायनिक प्रक्रिया होय. सस्तन प्राण्यांत ती प्रामुख्याने शुक्राणूतील फॉस्फोलायपेज सी झीटा (पीएलसी-झीटा) या प्रथिनामुळे सुरू होते. शुक्राणू केवळ पित्याची गुणसूत्रेच आणत नाही, तर विकासाचा आरंभ करणारा संकेतही आणतो, हे या प्रक्रियेवरून स्पष्ट होते.

यंत्रणा

बहुतेक सस्तन प्राण्यांची परिपक्व अंडपेशी दुसऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत थांबलेली असते. शुक्राणूचा तिच्याशी संयोग झाल्यावर पीएलसी-झीटा तिच्या पेशीद्रव्यात उतरते. हे विकर पीआयपी२ या मेदाचे विघटन करते व त्यातून इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट तयार होते. त्याच्या प्रभावाने आंतर्द्रव्यजालिकेत साठलेले कॅल्शियम मुक्त होते. कॅल्शियमची ही पातळी काही तास लाटांप्रमाणे चढत-उतरत राहते. त्यामुळे अडलेले विभाजन पूर्ण होते. तसेच अंडपेशीच्या कडेच्या कणिकांतील द्रव्य बाहेर पडून तिचे बाह्य आवरण बदलते व इतर शुक्राणूंना प्रतिबंध होतो.

संशोधन

शुक्राणूंचा अर्क टोचल्यास हॅमस्टरच्या अंडपेशीत अशाच लाटा उमटतात, असे कार्ल स्वान यांनी १९९० मध्ये दाखवले. २००२ मध्ये स्वान, अँथनी लाय व सहकाऱ्यांनी उंदराच्या शुक्राणूत पीएलसी-झीटाचा शोध लावला. पुढे हे प्रथिन नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या शुक्राणूंमुळे नेहमीसारख्या लाटा निर्माण झाल्या नाहीत. तरीही नैसर्गिक समागमातून त्यांना थोडी पिल्ले झाली. त्यामुळे अन्य पूरक मार्ग असण्याची शक्यता मानली जाते.

सहायक प्रजननातील महत्त्व

इक्सी या पद्धतीत एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट अंडपेशीत सोडतात. या पद्धतीने झालेल्या गर्भधारणांचा पहिला वृत्तांत १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथून प्रसिद्ध झाला. येथे पटलांचा संयोग टळतो, पण सक्रियणाची गरज टळत नाही. म्हणूनच शुक्राणू आत पोहोचूनही कधीकधी फलन होत नाही. गोल डोक्याच्या शुक्राणूंच्या विकारात (ग्लोबोझूस्पर्मिया) पीएलसी-झीटा बहुधा अत्यल्प असते किंवा नसतेच. अशा वेळी कॅल्शियम आयनोफोर वापरून कृत्रिम सक्रियण करता येते. मात्र त्यामुळे लाटांच्या मालिकेऐवजी सामान्यतः कॅल्शियमची एकच वाढ होते. शिवाय दोष अंडपेशीतही असू शकतो. त्यामुळे फलन न होण्याचे कारण केवळ शुक्राणूत शोधणे योग्य ठरत नाही.