‘गेट’ कुठे चालतं, कुठे नाही

इंग्रजी बोलायला लागलं की पहिल्या आठवड्यातच ‘गेट’ या क्रियापदाशी गाठ पडते, आणि वर्षानुवर्षं बोलूनही ते पुरतं हाती लागत नाही. (फाटकाच्या ‘गेट’शी त्याचं नातं नाही. फाटकातला ‘गे’ लांबवायचा, यातला झटकन उच्चारून सोडून द्यायचा.) शाळेत त्याचा अर्थ ‘मिळणे’ असा सांगतात आणि पुढे जातात. मग ‘इट्स गेटिंग लेट’ ऐकल्यावर विद्यार्थी गोंधळतो, कारण त्यात कुणालाच काही मिळत नाही. तर्खडकरी वळणाचं इंग्रजी शिकलेली मंडळी दुसरं टोक गाठतात. ती हा शब्दच टाळतात आणि घरगुती गप्पांतही ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’ वापरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस बोलत नाही, अर्ज वाचून दाखवतोय.

शब्दकोशातली अर्थांची यादी पाठ करून हा गुंता सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘गेट’ बदल सांगतं, एवढं एक सूत्र धरलं की बराच उलगडा होतो. आपल्याकडे जे नव्हतं ते आलं, जसं नव्हतं तसं झालं, जिथे नव्हतो तिथे पोहोचलो. स्थिती सांगायची तर ‘बी’ किंवा ‘हॅव’, आणि त्या स्थितीत शिरणं सांगायचं तर ‘गेट’. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे ती विवाहित आहे. ‘शी गॉट मॅरिड इन मे’ म्हणजे तिचं लग्न मे महिन्यात झालं.

शब्द आला कुठून

हा शब्द मूळचा इंग्लंडातला नाही. ८६५ साली डेन लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं, त्यातले बरेच जण तिथेच शेतीवाडी करून राहिले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतले रोजच्या वापरातले शब्द इंग्रजीत मिसळले. ‘टेक’, ‘एग’, ‘दे’ ही त्याच वाटेने आली. नॉर्समधल्या ‘गेटा’चं इंग्रजीत ‘गेट’ झालं. त्याचा एक भाऊबंद मात्र जुन्या इंग्रजीत आधीपासून होता, तो म्हणजे ‘फर्गेट’. हाती असलेलं निसटणं, हा त्याचा मूळ भाव.

पुढे काय येतं ते पाहा

अर्थ ‘गेट’मध्ये शोधू नका, त्याच्या पुढच्या शब्दात शोधा. पुढे नाम असेल तर मिळणं, आणणं, विकत घेणं: ‘आय गॉट अ जॉब’, ‘गेट सम मिल्क’. पुढे विशेषण असेल तर होणं: ‘गेट टायर्ड’, ‘गेट अँग्री’. पुढे ठिकाण असेल तर पोहोचणं: ‘वी गॉट टू नागपूर ॲट टेन’. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी मात्र ‘टू’ लावायचा नाही.

आपल्या भाषेतल्या एका सवयीचा इथे उपयोग होतो. मराठीत भावना आणि आजार आपल्याकडे चालून येतात: मला राग आला, मला ताप आला, मला भूक लागली. या ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांतला बदल इंग्रजीत ‘आय’ला कर्ता करून ‘गेट’ने सांगतात: ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट अ फीव्हर’, ‘आय ॲम गेटिंग हंग्री’. ‘मला समजलं’ हेसुद्धा ‘आय गॉट इट’. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर आपल्याकडे सर्रास ‘आय डिडन्ट गेट यू’ म्हणतात. त्यातून ‘तू काय माणूस आहेस ते मला उमगलं नाही’ अशी छटा निघू शकते. ‘आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणावं.

‘करून घेणे’

माझ्या मते ‘गेट’चा सर्वांत उपयोगी वापर हाच आहे. आपण मात्र तो फार कमी करतो. सलूनमधून आलेला माणूस ‘आय कट माय हेअर’ म्हणतो. इंग्रज ऐकणारा समजतो की याने घरीच आरशासमोर कात्री चालवली. म्हणायचं असतं ‘आय गॉट माय हेअर कट’. केस कापून घेतले, चष्मा दुरुस्त करून घेतला, कागदाच्या झेरॉक्स काढून घेतल्या, या सगळ्यांना एकच साचा लागतो: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप.

काम कुणाकडून करून घेतलं ते सांगायचं तर साचा बदलतो: ‘गेट’, मग माणूस, मग ‘टू’सह मूळ क्रियापद. ‘आय गॉट हिम टू साइन.’ हा ‘टू’ अनेकांकडून गळतो, कारण ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यासोबत तो नसतो. पण तिघांतला फरक तेवढाच नाही. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे सही करायला भाग पाडलं. ‘आय हॅड हिम साइन’ म्हणजे सांगितलं आणि त्याने केली, ते त्याचं कामच होतं. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे मिनतवारी केली, गळी उतरवलं, कशीबशी सही मिळवली. ऑफिसात वरिष्ठांना कामाचा अहवाल देताना यातला कुठला शब्द वापरता, त्यावरून तुम्ही सहकाऱ्याला कसं वागवलं हे त्यांना कळतं.

‘करायला मिळणे’ आणि ‘करायलाच हवे’

‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं, संधी लाभली. ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायलाच हवं. मध्ये एक ‘हॅव’ आला आणि संधीची सक्ती झाली. बोलताना हा ‘हॅव’ गिळला जातो आणि ‘आय गॉटा गो’ ऐकू येतं. ते मित्रांत ठीक, पण लिहिताना ‘हॅव’ हवाच. सक्ती भूतकाळातली असेल तर ‘गॉट’ सोडून द्यायचं आणि सरळ ‘हॅड टू’ म्हणायचं.

याच्याच शेजारी आपला एक लाडका प्रयोग बसतो: ‘आय गॉट टू नो दॅट देअर इज अ व्हेकन्सी.’ भारतात तो सगळ्यांना कळतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र ‘गेट टू नो’ म्हणजे माणसाची हळूहळू ओळख होणं, जवळीक वाढणं. बातमी कळली असं सांगायचं तर ‘आय हर्ड’ किंवा ‘आय लर्न्ड’ म्हणावं.

‘झालं’ म्हणताना

‘ही गॉट फायर्ड’, ‘माय फोन गॉट स्टोलन’. कर्मणी वाक्यात ‘वॉज’च्या जागी ‘गॉट’ बसवलं की बोलण्यात जिवंतपणा येतो आणि अचानक काही घडल्याचा, बहुधा वाईटच घडल्याचा, सूर लागतो. बढती मिळाल्याची आनंदाची बातमीही ‘गॉट प्रमोटेड’ अशी सांगतात. पण माहीत असणं, आवडणं, विश्वास असणं अशा स्थिर क्रियांना हा प्रयोग चालत नाही. ठरवून, रीतसर पार पाडलेल्या कामाला तो शोभत नाही. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तर ‘वॉज ओपन्ड’ म्हणायचं, ‘गॉट ओपन्ड’ नाही. आपल्या ऑफिसांतलं ‘द वर्क गॉट कम्प्लीटेड’ याच कारणाने कानाला खटकतं. त्यात काम कुणी केलं नाही, आपसूक उरकलं, असा भास होतो.

शेपटाला जपा

‘गेट’ला जोडून येणारे ‘अप’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ वगैरे शब्द एकेक करून शिकावे लागतात. त्याला आडवाट नाही. बसमधून उतरणं म्हणजे ‘गेट ऑफ’, कारमधून उतरणं म्हणजे ‘गेट आउट ऑफ’. आपलं ‘गेट डाऊन’ बाहेर ऐकलं तर झाडावरून किंवा शिडीवरून उतरल्यासारखं वाटतं. ईमेलच्या शेवटी ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे कळवतो. ‘टू’च्या जागी चुकून ‘ॲट’ पडला तर अर्थ होतो: तुझा बदला घेईन. आणि सर्दी ‘गेट ओव्हर’ होते हे खरं, पण दुःखात असलेल्या माणसाला ‘गेट ओव्हर इट’ कधीही म्हणू नये. ते ‘पुरे झालं आता तुझं’ असं ऐकू येतं.

‘गॉट’ की ‘गॉटन’

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले आजी-आजोबा नातवाचं ‘आय हॅव गॉटन’ ऐकून ते चुकलं असं समजतात. ते चूक नाही. ‘गॉटन’ हे जुनं इंग्लंडातलंच रूप. सतराव्या शतकात वसाहतीसाठी गेलेल्या लोकांबरोबर ते अमेरिकेत गेलं आणि टिकलं. इंग्लंडात ते मागे पडलं, ‘फर्गॉटन’मध्ये मात्र राहिलं. अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो आणि फरक पाळतो: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी मिळवली, घेतली. आपल्या शाळा ब्रिटिश वळणाच्या आहेत, त्यामुळे इथल्या परीक्षेत ‘गॉट’ लिहावं.

अर्जात, अहवालात

नोकरीचा अर्ज, बँकेला पत्र, प्रबंध, न्यायालयीन कागद यांत ‘गेट’ शक्यतो नको. तिथे अर्थ नेमका करणारा शब्द घ्यावा: मिळालं तर ‘रिसीव्हड’, झालं तर ‘बिकेम’, पोहोचलं तर ‘अराइव्हड’, समजलं तर ‘अंडरस्टूड’. ‘आय गॉट युअर लेटर अँड गॉट वरीड’ हे बँकेला लिहिताना ‘आय रिसीव्हड युअर लेटर अँड ॲम कन्सर्न्ड’ असं होतं. सहकाऱ्याला रोजच्या मेलमध्ये मात्र ‘गॉट इट, थँक्स’ पुरतं. तिथे ‘रिसीव्हड विथ थँक्स’ लिहिलं तर पैशांची पावती दिल्यासारखं वाटतं. ‘गेट मॅरिड’, ‘गेट रिड ऑफ’ यांसारखे काही प्रयोग इतके रुळलेत की वृत्तपत्राच्या बातमीतही ते खुशाल येतात. त्यांच्या जागी ओढूनताणून भारी शब्द घालायची गरज नाही.