वऱ्हाडच्या उन्हाळ्यात आंधळा होणारा पहारेकरी

अमरावती-अकोल्याकडच्या नव्या इमारतींत जिन्यावरचा दिवा हल्ली बटण न दाबताच लागतो. माणूस पायरीवर आला की उजेड होतो आणि तो निघून गेल्यावर मिनिटाभराने दिवा आपोआप मालवतो. भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचून त्याला दिवा किंवा पंखा जोडता येईल अशी उपकरणेही बाजारात मिळतात. डिसेंबरात हा पहारेकरी इतका जागरूक असतो की मांजर गेले तरी दिवा लावतो. मे महिन्यात दिवेलागणीच्या सुमारास मात्र तुम्ही जवळ जाऊन हात हलवलात तरी कधी कधी तो ढिम्म! घरची मंडळी म्हणतात, "बिघडला." पण तो बिघडलेला नसतो. त्याला तुम्ही दिसतच नाही.

हे समजण्यासाठी त्याचा डोळा कसा असतो ते पाहू. काही पदार्थ असे आहेत की त्यांचे तापमान बदलले म्हणजे त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार उमटतो. टूर्मलीन नावाच्या खड्याचा हा गुण युरोपात अठराव्या शतकातच ठाऊक होता. तापवलेला खडा राख ओढून घेई, म्हणून डच लोक त्याला 'राखओढ्या' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८२४ साली या गुणधर्माला शास्त्रीय नाव दिले. आपल्या दिव्यातील संवेदकात अशाच पदार्थाच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. 'तापमान बदलले म्हणजे' हे शब्द लक्षात ठेवा. नुसती उष्णता त्याला कळत नाही. कळतो तो फरक.

ही उष्णता पोचते अवरक्त किरणांनी. आपल्या अंगातून निघणाऱ्या या किरणांची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत, पॉलिथीनमधून होतात. म्हणून तर संवेदकावरची टोपी काचेची नसून पांढरट प्लास्टिकची असते. (बंद खिडकीच्या काचेमागून संवेदकाला हात हलवून दाखवा. दिवा लागणार नाही.) टोपीवर अनेक लहान भिंगे कोरलेली असतात. त्यांच्यामुळे समोरची जागा पंख्याच्या पात्यांसारखी वाटली जाते. तुम्ही आडवे चालत गेलात की अंगाची ऊब आधी एका पट्टीवर पडते, मग दुसरीवर. पट्ट्या परस्परांविरुद्ध जोडलेल्या असतात, म्हणून विजेचा एक सुलटा आणि एक उलटा ठोका मिळतो. तो वाढवून रिले नावाचा विद्युतचुंबकीय स्विच चालवला जातो. सगळी खोली सावकाश तापली, तर दोन्ही पट्ट्या सारख्याच तापतात आणि ठोके एकमेकांना खोडून काढतात.

आता वऱ्हाडात या. हिवाळ्यात भिंत १५ अंश सेल्सिअसला आणि तुमचा चेहरा ३३ अंशांना आहे असे धरू. किरणांचे प्रमाण केल्विन तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ३०६ ला २८८ ने भागून चौथा घात काढा. उत्तर सुमारे १.२७ येते. म्हणजे भिंतीपेक्षा तुमचा चेहरा २७ टक्के अधिक किरण टाकतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्री ती उष्णता परत देत बसतात. अशा भिंतीला संध्याकाळी हात लावून पाहा. हाताला ती ना गार लागते ना गरम, अशी एक वेळ येते. दोघांचे तापमान त्या वेळी ३५ अंशांच्या आसपास असते. फरक शून्य आणि ठोकाही शून्य. चांगल्या संवेदकात तापमान पाहून ठोका अधिक वाढवण्याची सोय असते. पण शून्याला कितीने गुणले तरी काय होणार?

गंमत पुढेच आहे. भिंत ४० अंशांवर गेली की तुम्ही तिच्यापेक्षा थंड ठरता आणि पहारेकऱ्याला पुन्हा, अंधुक का होईना, दिसू लागता. त्याचा आंधळेपणा मधल्या काही अंशांपुरताच आहे. दुर्दैवाने वऱ्हाडी उन्हाळ्यातल्या कितीतरी रात्री नेमक्या तेथेच घुटमळतात, आणि अंधाऱ्या जिन्यावर आजोबांना दिवा हवा असतो तोही तेव्हाच.

यावर एक उपाय म्हणजे सूक्ष्मतरंगांचा संवेदक. तो ५.८ अब्ज कंपनांच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींची तुलना करतो. तुम्ही सेकंदाला एक मीटर वेगाने त्याच्याकडे आलात, तर परतणाऱ्या लहरीत सेकंदाला सुमारे ३९ कंपनांची वाढ होते. हा डॉप्लर परिणाम उन्हाळ्याला भीत नाही. मात्र या लहरी लाकडी दारातून आणि पातळ भिंतीतूनही जातात, त्यामुळे शेजारी फिरले तरी तुमचा दिवा लागतो!

प्लगला काय जोडावे हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. संवेदकाला हालचाल कळते, माणूस कळत नाही. दहावीचा विद्यार्थी मान खाली घालून वाचत बसला की त्याचा दिवा जातो. दिवा गेला तर हात हलवता येतो, पण कूलरचे काय? मे २०२४ च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात १४४ कलम लावावे लागले होते. अशा दिवसांत झोपलेल्या आजीचा किंवा तान्ह्या बाळाचा कूलर या पहारेकऱ्यावर सोपवणे धोक्याचे आहे. ती दोघे हलत नाहीत म्हणून तो कूलर बंद करील. शिवाय मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. लहान रिलेचे संपर्क त्याने जळतात. इस्त्री तर जोडूच नये. कोणी नुसते खोलीत आले तरी ती तापू लागेल.

बचतीचा हिशेबही करून पाहा. संवेदक स्वतः अर्धा वॅट खात असेल, तर वर्षाला सुमारे ४.४ युनिट होतात. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज एक तास विनाकारण जळला, तर ३.३ युनिट! येथे संवेदक तोट्याचा. जुना ६० वॅटचा बल्ब असता, तर तेवढ्याच निष्काळजीपणाचे जवळजवळ २२ युनिट झाले असते. पाच-सहा घरांच्या सामाईक जिन्यावर, जेथे दिवा रात्रभर जळतो, तेथे मात्र तो आजही उपयोगी आहे.

शाळेसाठी एक प्रयोग सुचवतो. यात कोणतीही तार उघडायची नाही. जोडणीचे काम वायरमननेच करावे. संवेदकासमोरून दर वेळी त्याच वेगाने आडवे चाला आणि दिवा जास्तीत जास्त किती अंतरावरून लागतो ते टेपने मोजा. भिंतीला टेकवलेल्या तापमापकाचा आकडा शेजारी लिहा. हीच मोजणी पहाटे, दुपारी आणि रात्री आठला, जानेवारीत आणि मे महिन्यात करा व आलेख काढा. उन्हाळी सुटीत चिखलदऱ्याला जाणार असाल, तर तोच संवेदक बरोबर न्या. तेथे हजार मीटरहून अधिक उंचीवर संध्याकाळी गारवा असतो. मे महिन्यातला तेथील बिंदू तुमच्या आलेखात अकोल्याच्या कोणत्या महिन्याशेजारी पडतो, ते पाहा.