हिरवळ कुणाची, घाम कुणाचा?

कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिक या देशात, ला रोमाना शहराजवळ 'कासा दे कांपो' नावाचे धनिकांचे विश्रामस्थान आहे. तिथले 'टीथ ऑफ द डॉग' हे गोल्फचे मैदान जगप्रसिद्ध. ते 1971 साली खुले झाले. सात होल अगदी समुद्राला लागून. सारे कौतुक आराखडा करणाऱ्या पीट डाय यांचे होते. पण किनाऱ्यावरचा कुत्र्याच्या दातांसारखा धारदार प्रवाळी खडक घणाने, पहारीने फोडला तो सुमारे 300 स्थानिक मजुरांनी. मैदानाचे नावही या खडकाला तिथले लोक जे म्हणतात, त्यावरूनच पडले. त्या मजुरांची नावे मात्र कोण घेतो?

हे वैभव साखरेच्या पैशावर उभे आहे. 1967 साली 'गल्फ अँड वेस्टर्न' या अमेरिकी कंपनीने तिथला साखर उद्योग विकत घेतला आणि पुढे हे विश्रामस्थान उभारले. आज कारखाना व विश्रामस्थान दोन्ही 'सेंट्रल रोमाना' कंपनीकडे आहेत. ऊस तोडतात ते मुख्यतः शेजारच्या हैतीतून आलेले कृष्णवर्णीय मजूर आणि त्यांचे वंशज. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तमजुरीच्या कारणावरून या कंपनीची साखर रोखली. वेतन अडकवणे, मजुरांना एकाकी पाडणे, वाईट राहणीमान, जादा तास असे ठपके होते. कंपनीने ते नाकारले. मार्च 2025 मध्ये आयात पुन्हा खुली झाली.

आम्ही कायद्याची माणसे विचारतो, हा मजूर दाद मागणार कुठे? 23 सप्टेंबर 2013 रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की, 1929 पासून तिथे जन्मलेली, पण परकीय आईबापांकडे कायदेशीर वास्तव्याचे कागद नसलेली मुले नागरिकच नाहीत. तिथेच जन्मलेली, वाढलेली माणसे एका निकालाने देशहीन झाली. 2014 च्या कायद्याने काहींना दिलासा दिला; पण ज्यांचा जन्मच नोंदला गेला नव्हता, त्यांना आधी परकीय म्हणून नोंद करा, असे सांगितले!

सक्तीला साखळदंडच लागतो असे नाही. 1982 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मजुरी देणे हीसुद्धा कलम 23 खालची सक्तमजुरीच ठरवली. तीही खेळाचीच बांधकामे होती. म्हणून आम्ही म्हणतो, हिरवळ पाहिली की ती अंथरणाऱ्याच्या हातात कोणता कागद आहे, हे आधी विचारा.