घाटमाथ्यावरचे ताट

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या आगगाडीला बहुधा कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडावी लागतात, सदतीस फुटांमागे एक फूट असा थळ घाटाचा चढ ती त्यांच्या बळावर चढते, आणि इगतपुरीस पोहोचल्यावर ही इंजिने, ज्यांना रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात, सोडविण्याकरिता तिला थांबणे भाग पडते. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला, तेव्हापासून बहुतेक गाड्यांच्या नशिबी हा थांबा लिहिलेला आहे. १९३० च्या सुमारास विजेची इंजिने इगतपुरीपर्यंत येऊ लागली आणि तेथून पुढे वाफेच्या इंजिनाकडे गाडी सोपविली जाऊ लागली. पुढे दूरच्या मार्गावरही तारा आल्या, परंतु त्यांतील वीज निराळ्या जातीची असल्यामुळे इंजिन बदलण्याचा शिरस्ता कितीतरी वर्षे चालूच राहिला. उतारूंना या अवधीत फलाटावर उतरून पाय मोकळे करण्यास आणि काही खाण्यास सवड मिळे. इगतपुरीचा बटाटेवडा, आम्लेट-पाव आणि वाफाळता चहा यांची जी कीर्ती झाली, तिच्या मुळाशी कोणा बल्लवाचार्याचे कौशल्य जितके आहे तितकीच घाटाची चढण आहे.

बाहेरगावी जाऊन बाहेर खाण्याचा विचार करताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा असे मला वाटते. सुट्टीसाठी गेलेल्या मनुष्याच्या ताटात काय येते, हे त्याच्या किंवा खानावळवाल्याच्या लहरीवर फारसे अवलंबून नसते. ते ठरते वाहतुकीच्या सोयीवर, पाहुण्याला किती वेळ आहे यावर, स्वयंपाक करणारे हात कोठून आले यावर, आणि गावाला स्वतःच्या अन्नाची किती प्रतिष्ठा वाटते यावर. या चारही गोष्टी इगतपुरीत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या महाराष्ट्रातील दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणी क्वचितच दिसतील.

आषाढ लागला की मुंबई, ठाणे आणि नाशिक येथून सहकुटुंब माणसे इगतपुरीत लोटतात. भावली धरणाची भिंत, घाटनदेवीचे देऊळ, त्रिंगलवाडीचा किल्ला, आणि जरा दमदार मंडळी असली तर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, असा त्यांचा कार्यक्रम असतो. पावसात भिजलेल्या माणसाला भूक सपाटून लागते, आणि ती भागविण्याच्या जागा स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत. स्टेशन आणि बाजारपेठ यांच्या आसपास वडा, भजी, मिसळ देणारी लहान हॉटेले; मुंबई–आग्रा रस्त्याच्या दुतर्फा असलेले ढाबे; आणि डोंगरउतारावर नव्याने उभी राहिलेली रिसॉर्टे. धरणाच्या काठी कणसे भाजणाऱ्यांच्या हातगाड्या उभ्या असतात, त्या वेगळ्या.

बाजारातील मिसळ नाशिकच्या वळणाची, काळ्या मसाल्याच्या तर्रीची असते आणि तिच्याबरोबर पापड येतो. ढाब्यावर शेवभाजी मिळते, ती खानदेशातून याच हमरस्त्याने आली. तिच्या शेजारी पनीर, दाल तडका, जीरा राइस ही उत्तरेकडील मंडळी असतात. रिसॉर्टांमध्ये बहुधा एका लांब टेबलावर सर्व प्रांतांचे पदार्थ मांडलेले असतात. हे सारे बाहेरून आले म्हणून त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या बटाट्याचा वडा आपण अस्सल मराठी मानतो तो बटाटा आणि त्याला झोंबरेपणा देणारी मिरची, दोन्ही जिन्नस समुद्रापलीकडून आले आहेत. खंत वाटते ती निराळ्या गोष्टीची. ज्या तालुक्यात पाहुणा उतरला आहे त्या तालुक्याच्या शेतात पिकणारे धान्य या तिन्ही ठिकाणच्या पाटीवर फारसे आढळत नाही.

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख भाताचा आहे. खाचरांतून भात, आणि जेथे खाचर घालणे शक्य नाही अशा उताराच्या माळरानावर नागली व वरई, शिवाय खुरासणी, उडीद आणि कुळीथ, अशी येथील पिकांची पूर्वापार वाटणी आहे. घोटी ही तालुक्यातील मोठी बाजारपेठ तांदळाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. इंद्रायणी हा सुवासिक तांदूळ, जो वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिला, तो या भागातील जमिनीला आणि पावसाला असा मानवला की आज इगतपुरीचा शेतकरी त्याच्याकडे हक्काचे पीक म्हणून पाहतो. घराघरांत त्याचा मऊ, किंचित चिकट भात शिजतो आणि त्याचा वास अंगणापर्यंत येतो. असे असता ढाब्यावर मात्र लांब दाण्याचा परप्रांतीय तांदूळ वापरला जातो, आणि याचे कारण उघड आहे: जीरा राइस व पुलाव यांना दाणा दाण्यापासून सुटा हवा असतो, आणि इंद्रायणीचा गुण नेमका उलट आहे. वरण, आमटी, पिठले यांच्याशी तो एकजीव होतो. तेव्हा भाताची जात बदलण्याआधी शेजारची वाटी बदलावी लागेल.

वरईची कथा तर अधिक मनाला लागणारी आहे. पावसाळी सहलींचा हंगाम आणि चातुर्मासातील उपवासांचा हंगाम एकच असतो. आषाढी एकादशी आणि श्रावणातले सोमवार यांच्या दिवशी हॉटेलात फराळाची मागणी असते आणि ती साबुदाण्याच्या खिचडीने भागविली जाते. हा साबुदाणा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात ज्या कंदापासून तयार होतो, तो कंदही मुळात दक्षिण अमेरिकेचा. आणि इकडे खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरउतारावर वरई उभी असते, जिला सडून, पाखडून भगर करण्याचा उद्योग नाशिक शहरात चांगला भरभराटीस आलेला आहे, जी दाण्याच्या आमटीबरोबर उपवासाला चालते, पोटास हलकी पडते, आणि जिच्यासाठी डोंगर उतरण्यापलीकडे वाहतूक करावी लागत नाही. एखाद्या हॉटेलवाल्याने एकादशीस भगर आणि दाण्याची आमटी ठेवण्याची तजवीज केली, तर त्याचा खर्च वाढणार नाही आणि पाहुण्याला काही नवे मिळेल, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

नागलीच्या भाकरीची अडचण मात्र खरी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. ही भाकरी आधी करून ठेवता येत नाही, थंड झाली की ती वातड होते. तिचे पीठ उकडीच्या पाण्यात मळावे लागते आणि थापणाऱ्या हाताला सराव लागतो. ढाब्यावरील आचारी अनेकदा परप्रांतातून आलेला असतो आणि त्याचा हात तंदूरच्या रोटीला सरावलेला असतो. ज्या बायांच्या हाताला हा सराव आहे, त्या महादेव कोळी, ठाकर आणि इतर शेतकरी घरांतल्या बाया जुलै महिन्यात गुडघाभर चिखलात वाकून भाताची आवणी करीत असतात. पाहुण्यांची गर्दी आणि आवणीची घाई एकाच पंधरवड्यात येते. याखेरीज एक अदृश्य अडथळा आहे तो मनाचा: नागली हे गरिबाचे अन्न, ते पाहुण्यापुढे कसे ठेवावे, असा संकोच यजमानाला वाटत आला आहे. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्यामुळे शहरांतील दुकानांतून नागलीची बिस्किटे मानाने विराजमान झाली. परंतु जेथे नागली पिकते तेथील हॉटेलात ती बहुतकरून पापडाच्या रूपानेच भेटते, आणि तो पापडही गावच्या बचत गटातील स्त्रियांनी लाटलेला असतो.

या संदर्भात जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांचे उदाहरण मला उद्बोधक वाटते. तेथे सुट्टीस जाणारे लोक मोठ्या हॉटेलांपेक्षा ‘शोकुदो’ नावाच्या साध्या भोजनगृहांत अधिक रमतात. अनेक ठिकाणी दाराशीच एक यंत्र असते. त्यात पैसे घालून आपल्या पदार्थाची चिठ्ठी काढायची, ती आत द्यायची, आणि पाणी किंवा चहा घेऊन बसायचे. बक्षिशीची चाल तेथे नाही. मुख्य पदार्थासोबत भात, सूप, लोणचे असे पूर्ण ताट येते. पाटीवर अमेरिकन अमलाच्या खुणा स्पष्ट आहेत, कारण ही बेटे १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होती: डब्यातील डुकराचे मांस तेथे घरोघर खाल्ले जाते, आणि भातावर मेक्सिकन धर्तीचा खिमा पसरलेला ‘टॅको राइस’ १९८४ मध्ये किन नावाच्या गावी लष्करी तळाजवळ जन्मास आला. परंतु त्याच पाटीवर, आणि बहुधा अग्रस्थानी, बेटावरच्या कारल्याचे टोफू, अंडे व मांस यांसह परतलेले चंपुरू असते. कडू कारले पाहुण्यास आवडेल की नाही, याची चिंता करून त्यांनी ते लपविले नाही. आणि आज त्या कारल्यासाठी म्हणून लोक तेथे जातात. (आपल्याकडील शाकाहारी प्रवाशांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथील शेवयांच्या रश्श्यात डुकराचे हाड आणि सुकविलेला मासा यांचा अर्क असतो, आणि वरून तो दिसत नाही.)

इगतपुरीतच एक भोजनगृह असे आहे की जेथे पाटी मुळीच नाही. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने १९७६ मध्ये ज्याचे कार्य सुरू झाले त्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात देशोदेशींचे साधक दहा दिवस मौन पाळून राहतात. सकाळी न्याहारी, अकरा वाजता साधे शाकाहारी जेवण, आणि सायंकाळी नव्या साधकांना फळे व चहा. या अन्नाचे मोल घेतले जात नाही. ते पूर्वीच्या साधकांच्या दानातून शिजते. सहलीचे खाणे आणि हे खाणे यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, परंतु एकाच गावात दोन्ही नांदतात याची नोंद केल्यावाचून राहवत नाही.

आता परिस्थिती पुन्हा पालटत आहे. ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर ठराविक ठिकाणींच चढता-उतरता येते. डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या लांब बोगद्यात शिरलेल्या मोटारीला कसाऱ्याच्या घाटातील वळणे दिसत नाहीत आणि जुन्या रस्त्यावरचा ढाबाही दिसत नाही. ज्या हॉटेलांचे पोट केवळ जाता जाता थांबणाऱ्यावर अवलंबून आहे, त्यांना याची झळ लागणे क्रमप्राप्त आहे.

जपानमध्येच याला एक विलक्षण जुळता दाखला आहे. उसुई खिंडीच्या पायथ्याशी योकोकावा नावाचे स्थानक आहे. तेथील चढ आपल्या थळ घाटाहूनही कितीतरी तीव्र, पंधरा फुटांस एक फूट, त्यामुळे प्रत्येक गाडीला तेथे जादा इंजिने जोडण्याकरिता थांबावे लागे. या थांब्याचा उपयोग करून ओगिनोया या जुन्या पेढीने १९५८ मध्ये मातीच्या लहानशा हंडीत भरलेला, वर कोंबडी, अळिंबी, बांबूचे कोंब मांडलेला ऊन भात विकण्यास सुरुवात केली. १९९७ मध्ये वेगवान गाड्यांचा नवा मार्ग सुरू झाला आणि खिंडीतील लोहमार्ग बंद पडला. थांबा नाहीसा झाला, परंतु हंडीतला भात टिकला, कारण लोक तोवर खास त्याच्यासाठी वाट वाकडी करून येऊ लागले होते. मोटाररस्त्यांवर त्याची उपाहारगृहे उघडली गेली. इगतपुरीच्या वड्याला ही वाट सोपी नाही, कारण चांगला वडा आज महाराष्ट्रातील कोणत्याही स्थानकावर मिळतो, कर्जतचा तर विशेषच. परंतु इंद्रायणीचा ऊन भात, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, नागलीची भाकरी आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुले यांपैकी जी असेल ती रानभाजी, असे ताट अन्यत्र सहजासहजी मिळणारे नाही. ज्याला ते चाखावयाचे आहे तोच माणूस महामार्ग सोडून खाली उतरेल.

असे ताट आजही मिळते, मात्र ते पाटी वाचून मिळत नाही. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात आणि किल्ल्यांच्या वाटेवरील वाड्यांत पुष्कळ घरांतून चढाईस जाणाऱ्यांची जेवणाची सोय होते. रीत अशी की चढावयास निघण्यापूर्वी सांगून जावे: “मावशी, पाच पानं होतील का? भाकरी नागलीची चालेल.” दर तेव्हाच विचारून ठरवावा, सांगितलेल्या संख्येत मागाहून घट करू नये, कारण पीठ तेवढेच मळलेले असते. आवणीच्या दिवसांत नकार मिळाला तर तो मनावर घेऊ नये. तिखट कमी हवे असल्यास आधी सांगावे. मांसाहार करणाऱ्यांना खाचरातल्या खेकड्यांचा रस्सा विचारता येईल, तो रोज असतोच असे नाही.

आणि ज्यांना ताजे धान्यच खावयाचे आहे त्यांनी पावसाळ्याचा आग्रह सोडावा. पर्यटकाच्या डोळ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये जी हिरवळ सुखावते ते उभे पीक असते. भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे होते, नागली-वरई त्याच सुमारास खळ्यावर येते, आणि घोटीच्या गिरण्यांतून नव्या तांदळाचा वास मार्गशीर्षात दरवळू लागतो. तेव्हा धबधबे आटलेले असतात, हॉटेलांत जागा सहज मिळते, आणि बायांना भाकरी थापण्यास उसंत असते.